पोच

भाईंदर स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की रिक्षावाल्याला ‘केबिन रोड’ एवढं सांगितलं तरी भागतं. नाव कशावरून पडलं, असं कुणी विचारत नाही. हा भाग वाढलाच इतक्या घाईने की असल्या चौकशीला सवड कुणाला होती? १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मधल्या काळात मिठागरांच्या आणि शेतांच्या कडेने चाळी आल्या, चाळींच्या मागे तीन-चार मजली इमारती आल्या आणि त्यांच्या आसपास स्टीलच्या भांड्यांचे गाळे. दुपारी गाळ्यांतली पॉलिशची चाकं सुरू झाली की घरात बोलतानासुद्धा आवाज चढवावा लागे. बाबा म्हणायचे, नाव रेल्वेच्या केबिनीवरून आलं आहे. ते हे अशा हक्काने सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, रस्त्याला यांचंच नाव दिलंय.

बाबा रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते आणि त्यांच्या नोकरीतला बराच काळ केबिनीत गेला. भाईंदरच्या नव्हे, वैतरणा ओलांडल्यावर लागणाऱ्या एका स्टेशनच्या. उदयपूरच्या रेल्वे शाळेत शिकून आलेला माणूस. नियमांचं पुस्तक तोंडपाठ आणि त्या पुस्तकाबाहेर फारसं बोलणं नाही. शिफ्टची नोकरी असल्यामुळे आमच्या घरात कुणीतरी कायम झोपलेलं आणि कुणीतरी कायम दबक्या पावलांनी फिरणारं असे.

लहानपणी एका सुट्टीत मी त्यांच्याबरोबर केबिनीत गेले होते. लाकडी जिना चढून वर गेलं की तिन्ही बाजूंनी खिडक्या आणि मधोमध लिव्हरची रांग. सिग्नलचे लिव्हर लाल, सांध्यांचे काळे, कुलपांचे निळे, कामात नसलेले पांढरे. प्रत्येक मुठीवर एक फडकं. घामाच्या हाताने लोखंड गंजतं म्हणून लिव्हर नुसत्या हाताने धरायचा नाही, हा तिथला पहिला नियम मला मिळाला. टेबलावर एक पेटी होती, तिला पितळी घंटा आणि काचेआड एक काटा. त्या काट्याच्या तीन जागा: लाइन क्लोज्ड, लाइन क्लिअर, ट्रेन ऑन लाइन. बाबांची अख्खी नोकरी त्या तीन जागांच्या मध्ये झाली.

दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, हा मूळ दंडक. गाडी पुढे सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनला विचारायचं. एक ठोका: लक्ष द्या. पलीकडून एक ठोका परत: आहे मी. दोन ठोके: लाइन क्लिअर आहे का? पलीकडचा आपल्या हद्दीची खात्री करणार, दोन ठोके परत देणार आणि मूठ फिरवणार, मग इथला काटा सरकणार. काटा सरकत नाही तोवर शेवटच्या सिग्नलचा लिव्हर ओढताच येत नाही. आतून कुलूप असतं, कितीही जोर लावा. गाडी निघाली की तीन ठोके. ती पलीकडे पूर्ण पोचली, शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची पाटी पलीकडच्याने पाहिली, म्हणजे मध्ये कुठे डबा सुटून राहिलेला नाही हे ठरलं, की चार ठोके. सहा ठोके आले तर धोका. जो ठोका आला तो तसाच परत द्यायचा, त्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही.

फोनवर बोलून काही ठरवायचं असेल तर प्रायव्हेट नंबर. रेल्वे त्यांचे तक्ते छापून देते. दोन आकडी नंबर, पुढचा ओळखता येऊ नये असे उलटसुलट. ‘हो’ म्हणणाऱ्याने आपल्या तक्त्यातला पुढचा नंबर सांगायचा, ऐकणाऱ्याने तो लिहून घ्यायचा, आणि वापरलेला नंबर खोडायचा. अर्धवट झोपेत म्हटलेलं किंवा आधीच्या गाडीसाठी म्हटलेलं ‘हो’ या गाडीला लागू नये म्हणून ही सोय. या सगळ्याची नोंद ट्रेन रजिस्टरमध्ये, वेळेसकट.

आणि उत्तर येईपर्यंत? ‘बसायचं,’ बाबा म्हणाले होते. ‘पेपर वाचायचा नाही. पेटीकडे बघत बसायचं.’

मी नोकरीला लागले ती अंधेरीच्या सीप्झमध्ये, ब्राउझरमधून चालणारे प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका कंपनीत. आमच्या वाट्याला मालवाहतुकीचं एक काम आलं होतं. गेटवर बसलेल्या कारकुनाने ट्रकचा नंबर टाकायचा, पानाने दूरच्या सर्व्हरवरच्या वेब सर्व्हिसला विचारायचं, तिकडून दर आणि पावतीचा क्रमांक यायचा, मग पावती छापायची. प्रश्न एक्सएमएलच्या लिफाफ्यात घालून जायचा आणि उत्तरही तसल्याच लिफाफ्यातून यायचं.

पानाला असं जागच्या जागी राहून विचारता येणं ही तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची सोय होती. त्याआधी साधारणपणे काहीही विचारायचं तर अख्खं पान नव्याने मागवावं लागे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजवर काम करणाऱ्यांना आउटलुकची मेल ब्राउझरमध्ये दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी एक छोटा भाग तयार केला आणि १९९९ साली तो इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर बाहेर पडला. प्रश्न पाठवताना तिसऱ्या जागी ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ लिहायचं. ‘ट्रू’ लिहिलं तर प्रश्न पाठवून पान आपल्या कामाला लागतं आणि उत्तर आलं की त्याला हाक मारली जाते. ‘फॉल्स’ लिहिलं तर उत्तर हातात पडेपर्यंत पान त्याच ओळीवर उभं राहतं. याला म्हणतात सिंक्रोनस कॉल. आमच्या आधीच्या लोकांनी सगळीकडे ‘फॉल्स’ लिहून ठेवलं होतं. त्यांचंही काही चूक नव्हतं. कोड ओळीखाली ओळ वाचता येई: विचारा, उत्तर घ्या, छापा.

अडचण वेगळीच होती. ब्राउझरच्या पानात हिशेब करणं, बटणावरचा क्लिक ऐकणं, पडदा रंगवणं ही सगळी कामं एकाच रांगेत, एकामागून एक होतात. रांगेतलं पहिलं काम उत्तराची वाट बघत उभं राहिलं की मागचं सगळं तुंबलं. लाइन मंद असली की पान गोठायचं. दाबलेलं बटण दाबलेलंच दिसायचं. वरून दुसरी खिडकी सरकवली की खालचं पान पांढरं पडायचं आणि माथ्यावरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटायचं. कारकून बिचारा पुन्हा पुन्हा बटण दाबायचा. त्याचे ते क्लिक रांगेत साठत आणि उत्तर आल्यावर धडाधड सुटत. एका ट्रकच्या तीन-तीन पावत्या निघत आणि गेटवर ड्रायव्हर-कारकुनांची जुंपे.

हे सगळं मी एकदा जेवताना सांगत होते. बाबा तोवर रिटायर झाले होते आणि बाजारातून आणलेल्या बोंबलांवर आईशी वाद घालण्यात त्यांचा वेळ जात असे. त्यांनी घास खाली ठेवला.

‘पान थांबतं, त्यात वाईट काय?’

‘लोक वैतागतात हो.’

‘गाडी थांबली तर लोक शिव्या देतात. नको तेव्हा सुटली तर पेपरात त्यांची नावं छापून येतात. शिव्या परवडतात.’

मी म्हटलं, तुमच्या केबिनीत थांबणारे तुम्ही एकटे होता. खाली तिकीट देणारा वेगळा, घोषणा करणारा वेगळा, कंदील दाखवणारा वेगळा. आमच्या पानात ही सगळी कामं करायला माणूस एकच. तो पेटीकडे बघत बसला तर स्टेशन बंद. बाबांना हे लगेच पटलं. एकट्या माणसावर टाकलेल्या स्टेशनांचा त्यांना अनुभव होता. पण त्यांनी पुढे विचारलं ते मी तेव्हा नीट ऐकून घेतलं नाही, इतकं ते मला बाळबोध वाटलं.

‘मग तुमच्या त्या दुसऱ्या पद्धतीत उत्तर आलंच नाही, तर ते कोण बघतं?’

‘टाइमआउट होतो.’

‘तो झाला, हे कोण बघतं?’

आई म्हणाली, तुम्ही दोघंही वाट बघण्याचा पगार घेता, आता कुणीतरी भात वाढून घ्या.

उत्तर न घेता गाडी सोडण्याचा काळही रेल्वेने पाहिलेला आहे, हे मी पुढे वाचलं. सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी नुसत्या घड्याळावर काम चाले. पहिली गाडी जाऊन ठरावीक मिनिटं झाली की दुसरी सोडायची. पहिली पोचली असेल, असं धरून. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी चढावर अडली. इंजिनाला सगळे डबे ओढेनात म्हणून ती तोडली, आणि मागचे डबे उतारावरून उलटे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. मागची गाडी घड्याळ बघून रीतसर सोडलेली होती. ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ब्लॉक पद्धत सक्तीची केली. पेटीकडे बघत बसण्याचा नियम हा असा आलेला आहे. बाबांच्या त्या बसण्याकडे मी लहानपणी कंटाळा म्हणून पाहत आले होते. हे वाचल्यावर ते तसं पाहता येईना.

आमच्या धंद्यात मात्र वारं उलट दिशेने वाहत होतं, आणि ते योग्यच होतं. २००४ साली जीमेल आलं, २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स. नकाशा माउसने सरकवावा आणि पुढचे तुकडे मागून येत राहावेत, मधे काही अडू नये, हे लोकांनी पाहिलं आणि त्यांना तेच हवंसं झालं. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी एक लेख लिहून या रीतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं आणि आमच्या ऑफिसातला प्रत्येक साहेब ते नाव घेऊ लागला. आम्ही एकेक ‘फॉल्स’ शोधून ‘ट्रू’ करू लागलो. पान हलतं राहिलं, कारकून खूश झाला. मग नवी भानगड. त्याने एक ट्रक टाकला, लगेच दुसरा टाकला, आणि दुसऱ्याचं उत्तर आधी आलं. पहिल्याचं मागून आलं ते दुसऱ्याच्या जागेवर जाऊन बसलं. सिमेंटच्या ट्रकला कांद्याचा दर.

‘प्रायव्हेट नंबर देत नाही का तुम्ही?’ बाबांनी विचारलं.

जगभर यावर हाच तोडगा आहे. प्रत्येक प्रश्नाला एक नंबर द्यायचा आणि उत्तराने तो नंबर परत आणायचा. आमच्या टीमनेही तेच केलं. फक्त कोडमध्ये त्या रकान्याला ‘पीएन’ असं नाव पडलं आणि नंतर आलेल्यांपैकी कुणालाच ते का, हे कळलं नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सात स्फोट झाले. अकरा मिनिटांत सात. त्यांतला एक मीरा रोड-भाईंदरच्या बाजूला. मी ऑफिसातच होते, पण हे घरी कळायला वाट नव्हती. मोबाइलचं जाळं कोलमडलं होतं. फोन लावला की नुसती शांतता, रिंगही नाही. रात्री गाड्या पुन्हा सुरू झाल्या म्हणतात, मी त्याआधीच हायवेने निघाले होते. रस्त्याच्या कडेला अनोळखी लोक पाणी आणि बिस्किटं घेऊन उभे होते. कुणाच्या टेम्पोत, कुणाच्या गाडीत, दहिसरचा नाका, काशीमिरा, गोल्डन नेस्ट. केबिन रोडला पोचले तेव्हा बाबा इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले होते. टीव्हीवर नावं चालली होती, ती त्यांनी बघितली नाहीत म्हणे. नुसते रस्त्याकडे बघत बसले. मला बघून म्हणाले, ‘पोच नाही आली.’ रागावले नव्हते. सहाचा ठोका येऊन गेल्यावर केबिनीत जो आवाज निघत असेल, त्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. अंधेरीला प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की मी घरी एक मिस्ड कॉल द्यायचा. बाबा एक मिस्ड कॉल परत देणार. मग गाडीत चढायचं. भाईंदरला उतरले की पुन्हा एक. पैसे लागत नाहीत, बोलावं लागत नाही. तेव्हा अख्खा देश मिस्ड कॉलवर चालत होता. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, होणाऱ्या नवऱ्याला लोक रिंग देऊन कापत. बाबांनी त्याला रजिस्टरचा दर्जा दिला. फुलस्केप वहीत पट्टीने रकाने आखले: तारीख, निघाली, पोच दिली, आली. शेवटच्या रकान्यात कधी ‘आली’, कधी ‘आली, भिजून’.

त्यांची रिंग परत आली नाही तर मी गाडी सोडून देत असे. संध्याकाळी अंधेरीला विरार लोकल सोडून देणं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिलेल्याला सांगायला नको. विरार गाडीत भाईंदरच्या बाईला जागा मिळणं आधीच मेहेरबानी. मैत्रिणी डब्यातून हात करायच्या आणि मी हातातल्या फोनकडे बघत उभी. बाबा न्हाणीघरात असत किंवा आईने फोन कपाटावर ठेवलेला असे, बाकी काही नसे. मग रिंग यायची आणि मी पुढच्या गाडीला लटकायचे. आईच्या लेखी आम्ही दोघं अर्धवट होतो. ‘चाळीस वर्षांत मला कधी एक ठोका दिला नाही यांनी,’ ती म्हणायची.

दिवसभर ऑफिसात मी पानांना न थांबायला शिकवत असे आणि संध्याकाळी स्वतः थांबत असे. यात मला तेव्हा काही विसंगत वाटलं नाही. खाडीचा पूल लागायच्या आत, भाईंदरला पाय टेकला की फोन काढायचा, एवढंच डोक्यात असे.

जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली प्रॉमिस आले, २०१७ साली असिंक-अवेट. कोड पुन्हा ओळीखाली ओळ वाचता येऊ लागला आणि तरी पान थांबत नाही. मुख्य रांगेत ‘फॉल्स’ लिहिणाऱ्याला तर ब्राउझर २०१४ च्या सुमारासच समज देऊ लागले होते की ही रीत आता मोडीत निघाली आहे, वापरणाऱ्याला तिचा जाच होतो. आमच्या कामात त्या वर्षांत खरोखर सुबत्ता आली.

घरी त्याच वर्षांत बाबांची उत्तरं उशिरा येऊ लागली. आधी रिंग उशिरा. मग दोन रिंगा. मग रात्री दोन वाजता, मी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना, एक रिंग. मी संध्याकाळी विचारावं, जेवलात का, आणि त्यांनी सकाळी दात घासताना म्हणावं, ‘हो, पिठलं होतं.’ उत्तर बरोबर असायचं. फक्त ज्या प्रश्नाचं ते होतं तो केव्हाच उठून गेलेला असायचा. पाहुण्यांना ते असंबद्ध वाटे. मला सवयीने कळत असे की हे कालचं आहे, हे परवाचं आहे, आणि मी मनातल्या मनात जुळवून घेई. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं. आईने कुठल्याशा पाल्याचा काढा सुरू केला. वहीतले रकाने अजून पट्टीने आखलेले असत, आत मात्र एकाच दिवशी तीन वेळा ‘आली’.

पुढे ते मला फोनवर ओळखेनासे झाले. ऑफिसातून फोन केला की विचारत, ‘कोण बोलतंय?’ मी नाव सांगितलं तरी खात्री पटत नसे. एकदा चिडून म्हणाले, ‘प्रायव्हेट नंबर बोला.’ माझ्या तोंडून दोन आकडे गेले, काय सुचले ते. पलीकडे कागदावर पेन घासल्याचा आवाज आला आणि मग अगदी निवांत, ड्यूटीवरच्या आवाजात, ‘हां. बोला आता.’ त्यानंतर रोजचं तेच झालं. मी आकडे द्यायचे, ते लिहून घ्यायचे, मग आमचं बोलणं. मी मुलगी आहे हे त्यांना नेहमीच कळत होतं असं नाही. पलीकडच्या स्टेशनावर कुणीतरी जागं आहे आणि ते आजचंच बोलतंय, एवढं कळत होतं, आणि त्यावर त्यांचं भागत होतं.

२०१९ च्या थंडीत ते गेले, घरीच, पहाटे. मी त्या वेळी पाणी भरायला उठले होते. आमच्याकडे पाणी येतं तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतं. आई त्यांच्या उशाशी होती. ती नंतर म्हणाली, डोळे उघडून दोन आकडे बोलले. काय आहे, म्हणून तिने विचारलं, तर पुन्हा तेच दोन आकडे. मग तिने ते तसेच परत म्हटले. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आमचं ऐकून ऐकून तिला एवढंच कळलं होतं की आलेलं परत द्यायचं असतं. कोणते आकडे, असं मी विचारलं. तिला आठवले नाहीत.

पुढच्या फेब्रुवारीत क्रोमची ८० वी आवृत्ती आली. तिच्यात बंद होत असलेल्या पानाला सिंक्रोनस कॉल करायला मनाई झाली. पान बंद होता होता शेवटचं काही सर्व्हरला कळवायचं असलं, अर्धवट भरलेला अर्ज किंवा कुठवर वाचलं ती खूण, तर पुष्कळ लोक मुद्दाम तिथे ‘फॉल्स’ लिहीत. एरवीचा प्रश्न पानाबरोबरच विरून गेला असता. ‘फॉल्स’ मुळे जाणाऱ्या पानाला उत्तर येईपर्यंत धरून ठेवता येई. लोक खिडकी बंद करत आणि ती बंद होत नसे, ही त्याची किंमत. त्याऐवजीची सोय बीकन नावाची. पानाने निरोप ब्राउझरच्या हाती द्यायचा आणि जायचं. ब्राउझर तो मागाहून पाठवतो. सर्व्हर काय म्हणाला ते पानाला कळत नाही. कळून घ्यायला ते उरलेलंच नसतं. सोय अगदी शहाणपणाची आहे. जाणाऱ्याला पोचेसाठी ताटकळत ठेवू नये. मी ती वाचली, टीमला समजावून सांगितली, बदल करायची यादी केली, आणि त्या दिवशी अंधेरीला आलेली पहिली गाडी पकडून घरी आले.

त्या ट्रकच्या पावत्यांचा जुना प्रोग्रॅम इंटरनेट एक्स्प्लोररच्या आधाराने तग धरून होता. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरला रजा दिली आणि मग त्या गिऱ्हाइकालाही हलावंच लागलं. कोपऱ्यात राहिलेले शेवटचे ‘फॉल्स’ मी काढले. काढताना वाईट वाटलं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. कारकुनाचं पान गोठू नये, ही गोष्ट साधी आणि रास्त आहे.

पण त्या निमित्ताने आम्ही जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं की गेल्या काही वर्षांत कितीतरी प्रश्नांना उत्तरच आलेलं नव्हतं. टाइमआउट झाले होते, प्रोग्रॅमने ते मुकाट्याने गिळले होते, पान हलतंच राहिलं होतं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. काही ट्रकांच्या पावत्या कुठेच नव्हत्या. ‘फॉल्स’च्या काळात असं झालं असतं तर पान गोठलं असतं, कारकून ओरडला असता, गेटवर रांग लागली असती. बाबांच्या पेटीने थांबणं आणि बांधील असणं या दोन गोष्टी एकाच कुलपात ठेवल्या होत्या. आपण थांबणं काढून टाकलं, ते बरंच केलं. बांधील असणं त्याच्याबरोबर निघून गेलं. ते काढायचं असं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं.

घरातही तेच चाललं आहे. मुलगा पुण्याला शिकतो. त्याला निरोप टाकला की दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर त्याच्या सवडीने येतं, कधी येत नाही. मी गाडी सोडून त्याच्यासाठी उभी राहत नाही, आणि त्यानेही राहू नये. केबिन रोडवर आता अंधेरीहून कोण निघालं, याची कुणी नोंद ठेवत नाही. आम्ही सगळे आपापल्या गाडीने येतो आणि पोचतो. आई झोपलेली असते. पोचल्यावर मी किल्लीने दार उघडते.

नव्या प्रोग्रॅममध्ये मी एक तक्ता घातला. प्रत्येक प्रश्न, त्याचा नंबर, गेल्याची वेळ, उत्तराची वेळ. ज्याला उत्तर नाही ती ओळ लाल. रोज सकाळी टीममधल्या एकाने त्या लाल ओळी वाचायच्या, प्रत्येकीचा शोध घ्यायचा आणि खाली आपलं नाव आणि वेळ टाकायची. नव्या मुलांना हा जाच वाटतो. जाच आहेच. त्यांतल्या एकाने विचारलं, हे यंत्राकडून का करून घेत नाही? म्हटलं, यंत्र ओळ लाल करतं, मेलही पाठवतं. ती मेल उघडली का, हे बघायला पुन्हा कुणी लागतंच. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, ‘मग मॅडम, तुमच्या पाळीला तुम्ही वाचलं की नाही, ते कोण बघतं?’

प्रश्न बरोबर होता. पुढच्या सोमवारपासून माझ्या नावाखाली त्याच्या नावाचा रकाना आहे.